भिंग बदलले आणि कॅमेरा रुसला

घरातील एखादे यंत्र बंद पडले म्हणजे दोन प्रश्न एकदम उभे राहतात. काय बिघडले, आणि कोणी बिघडवले? पहिल्याचे उत्तर सापडण्यापूर्वीच दुसऱ्याचे ठरून गेलेले असते. गेल्या मार्गशीर्षात आमच्या घरी नेमके हेच घडले.

प्रसंग मातोश्रींच्या सहस्रचंद्रदर्शनाचा. दांडिया बाजारातील आमच्या जुन्या घराचे माजघर दिवसाही अंधारे. रोजच्या झूम लेन्सने घेतलेली छायाचित्रे हलल्यासारखी अस्पष्ट येऊ लागली, तेव्हा वर्षभरापूर्वीच घरात आलेली आमची पुतसून म्हणाली, "काका, आपली पन्नासची लेन्स आहे ना? ती लावू या." तिला या कलेची चांगली जाण आहे. मी लेन्स आणून दिली. तिने कॅमेरा बंद केला, तोंड खाली धरून भिंग बदलले आणि 'टक्' असा आवाज येईपर्यंत फिरवून बसवले. औक्षणाची छायाचित्रे सुरेख आली. मग मातोश्रींपासून पुतणीच्या आठ महिन्यांच्या कन्येपर्यंत चार पिढ्या तीन रांगांत बसल्या. सूनबाईंनी एक चकती फिरवली, बटण दाबले आणि कॅमेऱ्याने अर्धवट आवाज करून मान टाकली. पडद्यावर सूचना आली : लेन्सशी संपर्क होत नाही, जोडबिंदू स्वच्छ करा. बॅटरी काढून पुन्हा घातली, तरी तेच.

"चांगला चालता कॅमेरा, हिने भिंग बदलले आणि गेला!" आमच्यातील एक वडीलधारे बोलून गेले. ती काही बोलली नाही. मीही बोललो नाही, आणि ते मला आजही बोचते. कोणीतरी मोबाइलवर काम भागवले. पुतणी बाळाला घेऊन रात्रीच्या गाडीने इंदुरास परतली.

दुसऱ्या दिवशी एका दुकानदाराने कॅमेरा न पाहताच दूरध्वनीवर निदान केले : मदरबोर्ड गेला. त्यापेक्षा नवाच घ्यावा, हा सल्ला फुकट. मी म्हटले, आधी टेबलावर पंचा पसरून आपणच पाहू.

पहिली परीक्षा अगदी साधी. जुनी झूम लेन्स परत लावली. कॅमेरा खडखडीत चालू! दोन मिनिटांत कॅमेरा निर्दोष ठरला आणि मदरबोर्डही. ज्यांच्यापाशी एकच लेन्स आहे त्यांनी त्याच बनावटीची दुसरी कोणाकडून तासभर मागून आणावी. हे केल्यावाचून दुकानाची पायरी चढू नये.

दुसरी परीक्षा जोडबिंदूंची. लेन्सच्या पाठीमागे सोनेरी ठिपक्यांची एक ओळ असते. कॅमेरा आणि लेन्स यांचे सारे संभाषण त्यांतून चालते. बोटाचा तेलकटपणा लागला तरी ते तुटू शकते. कोरड्या, मऊ, स्वच्छ कापडाने हलकेच पुसावे. पेन्सिलीचे रबर घासण्याचा उपाय पुष्कळांना ठाऊक असतो, पण मला तो पसंत नाही. सोन्याचा मुलामा अगदी पातळ असतो, आणि रबराचा भुगा आत पडला तर नवेच दुखणे. तोंडाने फुंकरही मारू नये, थुंकीचे तुषार आत जातात. मी ठिपके पुसले. दोष तसाच राहिला.

तेव्हा लक्षात आले की पडद्यावरची सूचना हा केवळ कॅमेऱ्याचा तर्क आहे. त्याने लेन्सला काही आज्ञा केली आणि अपेक्षित उत्तर आले नाही, एवढेच त्याला कळते. लेन्सच्या पोटात काय अडले ते त्याला दिसत नाही.

मग तिसरी परीक्षा. लेन्सच्या आत पातळ पात्यांचे एक कडे असते. ती पाती मिटत येतात तसे प्रकाशाचे छिद्र लहान होते. आकडा मात्र उलटा, एफ १.८ म्हणजे छिद्र पूर्ण उघडे आणि एफ १६ म्हणजे बारीक. आमच्यासारख्या लेन्समध्ये फोकस करताना पाती उघडीच असतात आणि बटण दाबल्यावर क्षणभरच मिटतात. म्हणून डोळा लावून पाहताना सारे ठीक दिसते. मी एफ १.८ ठेवून दहा वेळा बटण दाबले. दहाही छायाचित्रे आली. एफ ५.६ केले आणि पहिल्याच वेळी कॅमेरा रुसला. पुन्हा १.८, पुन्हा ठीक. दोष पात्यांत होता.

आता माजघरातला सारा प्रसंग उलगडला. औक्षणाच्या वेळी उजेड कमी म्हणून सूनबाईंनी छिद्र पूर्ण उघडे ठेवले होते, तेव्हा पात्यांना हलावेच लागले नाही. तीन रांगांतील सारे चेहरे स्पष्ट यावेत म्हणून तिने छिद्र लहान केले. कोणत्याही जाणत्या छायाचित्रकाराने तेच केले असते. ती चुकली नव्हती. तिने योग्य तेच केले म्हणून लेन्समधला लपलेला रोग बाहेर आला.

झूम लेन्समध्ये याचा एक भाऊबंद आढळतो. एका टोकाला लेन्स ठीक चालते आणि दुसऱ्या टोकाला अडते. अशा वेळी आतली लवचिक पट्टीसारखी तार दुमडून दुमडून तुटलेली असण्याचा संभव पुष्कळ.

काही वेळा मात्र रोग नसतोच. निकॉनची लेन्स बसवण्याची खोबण १९५९ पासूनची. वडिलांच्या काळातील छिद्राचे कडे असलेली लेन्स पुष्कळांपाशी आहे. अशातली स्वयंचलित फोकसची लेन्स डिजिटल कॅमेऱ्याला लावली की पडद्यावर 'एफ-ई-ई' अशी अक्षरे उमटतात आणि बटण चालत नाही. ते कडे सर्वांत मोठ्या आकड्यावर नेऊन अडकवले की झाले. १९७७ पूर्वीची लेन्स मात्र विचारल्याशिवाय लावू नये, अनेक कॅमेऱ्यांच्या खोबणीतील नाजूक खिटी तिने मोडू शकते. कॅननने १९८७ मध्ये जुनी खोबण सोडून सारा कारभार विजेवर नेला, म्हणून त्यापूर्वीच्या त्यांच्या लेन्स नंतरच्या कॅमेऱ्यांना सरळ बसतच नाहीत. आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांवर जोडकडे वापरून जुनी लेन्स लावली तर पुष्कळदा कॅमेऱ्याला लेन्स आहे हेच कळत नाही. 'लेन्सशिवाय छायाचित्र घ्यावे' ही परवानगी मेनूमध्ये शोधून द्यावी लागते.

राहता राहिला प्रश्न, पाती अडली कशाने? लेन्सच्या आत फिरत्या भागांना वंगण असते. उष्णतेने ते पातळ होऊन पाझरते आणि पात्यांवर पसरते, मग पाती एकमेकींना चिकटतात. हे वाचले आणि मी वर पाहिले. माझी पन्नासची लेन्स दोन उन्हाळे पोटमाळ्यावर होती, पत्र्याखाली, चामड्याच्या बंद पेटीत. बडोद्याचा मे महिना वाचकांना सांगायला नको. तिथे ती ठेवली होती मी, 'सुरक्षित' म्हणून.

लेन्स दुरुस्तीला नेताना सूनबाईंना मुद्दाम सोबत नेले, आणि त्या वडीलधाऱ्यांनाही. कारागिराने लेन्स उघडून पाती धुतली, पुसली आणि चार दिवसांनी परत दिली. खर्च नव्या लेन्सच्या मानाने किरकोळ आला. लेन्स हाती देताना त्याने चष्म्यावरून पाहत विचारले, "काका, ही ठेवली कुठे होती?"

मी दोघांच्या देखत सांगितले.

लेन्स आता कपाटाच्या खालच्या खणात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत आहे. पुतणी पाडव्याला येणार आहे. मातोश्रींनी त्या दिवशीचे नऊवारी लुगडे घडी न मोडता वेगळे काढून ठेवले आहे.