मांजराचा परवाना
कुत्र्यांप्रमाणे मांजरांचीही नोंदणी सक्तीची करण्याचे पुणे महापालिकेने २०२२ साली ठरविले, तेव्हा अनेकांना हसू आले. आम्हांस ते हसू अनाठायी वाटते. तेव्हा वर्षाकाठी ५० रुपये शुल्क ठरलेल्या या परवान्यासाठी रेबीजप्रतिबंधक लस टोचल्याचा दाखला लागतो, आणि नियमाचे सारे मर्म त्या दाखल्यातच आहे. कारण रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की वैद्यकशास्त्र जवळजवळ हतबल ठरते. भटक्या कुत्र्यांवर तावातावाने बोलणाऱ्या आपल्यापैकीच काहीजण हौस फिटताच घरचे जनावर टेकडीवर सोडून येतात. असे उपाशी सोडून देणे १९६० च्या कायद्याने गुन्हाच आहे! मात्र परवाने देऊन पालिकेने स्वस्थ बसू नये. विनापरवाना श्वान पाळणाऱ्या बंगलेवाल्यांच्या दारीही तिच्या माणसांनी जावे.