बिरसीची धावपट्टी आणि भूमिपुत्रांचे ऋण

बोदलकसा जलाशयामुळे परिचित असलेल्या गोंदिया जिल्ह्यात, कामठ्याजवळच्या बिरसी येथे, दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत इंग्रज सरकारने १९४० साली धावपट्टी बांधली. हे युद्ध हिंदुस्थानला विचारून पुकारलेले नव्हते. सप्टेंबर १९३९ मध्ये व्हाइसरॉयने देशाला परस्पर त्यात ओढले होते. एप्रिल १९४२ मध्ये विशाखापट्टणम व काकिनाडा येथे जपानी बॉम्ब पडले आणि युद्ध दाराशी आले. त्याच वर्षी डिसेंबरात भारतीय वायुदलाची ७ व ८ क्रमांकाची पथके उभी राहिली. व्हेंजन्स बॉम्बर विमानांचे प्रशिक्षण घेऊन या तरुणांनी ब्रह्मदेशाच्या आघाडीवर पराक्रम गाजविला. सत्ता परकी होती, शौर्य मात्र आपले होते.

इंग्रज गेले, धावपट्टी राहिली. डिसेंबर २००५ मध्ये ती भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आली. पुढे तेथे वैमानिक घडविणारी राष्ट्रीय संस्था उभी राहिली आणि २०२२ साली प्रवासी विमानसेवाही सुरू झाली. परकीयांनी स्वार्थासाठी घातलेला पाया राष्ट्राच्या कामी आला, ही समाधानाची गोष्ट होय.

परंतु विमानतळाच्या विस्तारात विस्थापित झालेल्या बिरसीच्या कुटुंबांना पुनर्वसनासाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली. परक्या राजवटीने जनतेची पर्वा केली नाही, यात नवल नाही. स्वराज्यात तसे घडणे शोभत नाही. राष्ट्रासाठी भूमी देणाऱ्यांचे ऋण राष्ट्रानेच फेडावयाचे असते, आणि तेही वेळेवर.