सोंग आणि साक्ष

कला ही अनुकृती आहे, आणि अनुकृती म्हणजे जे नाही ते असल्यासारखे भासविणे. तेव्हा चित्रकार, मूर्तिकार व नट हे सारे असत्याचेच व्यापारी ठरत नाहीत काय, अशी शंका कित्येकांच्या मनात येते. तिचे समाधान करून घेण्यास आम्हां जुन्नरकरांस फार दूर जावयास नको.

लेण्याद्रीचे सहाव्या क्रमांकाचे लेणे पाहावे. हे बौद्ध चैत्यगृह अखंड कातळात खोदलेले आहे. तरी त्याच्या छतास लाकडी वाशांसारख्या कमानी कोरल्या आहेत. कातळास वाशांच्या आधाराची गरज ती काय? परंतु पूर्वी लाकडात बांधण्याची जी रीत होती, तिची आठवण कारागिरांनी दगडात राखिली. दगडाने लाकडाचे सोंग घेतले खरे. पण त्याने कोणी फसला नाही, कारण हात लावताच दगड आपली ओळख देतो. रंगभूमीवरील राजाचेही तसेच. पडदा पडला की मुकुट पेटीत जावयाचा, हे नट व प्रेक्षक दोघेही जाणून असतात. सोंग हे सोंग म्हणूनच पुढे आले, तर त्यास असत्य म्हणता येत नाही.

असत्य शिरते ते सोंग साक्षीस उभे राहते तेव्हा. शिवनेरीवर जन्मलेल्या शिवछत्रपतींचे म्हणून एके काळी भलत्याच व्यक्तीचे चित्र छापले जात असे. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ साली डच साधनांच्या आधारे महाराजांचे खरे चित्र पुढे आणिले, तेव्हा तो भ्रम फिटला. आधीच्या चित्रकाराच्या हातात दोष नव्हता. चित्राखालचे नाव खोटे होते.

नाणेघाटात याच्या उलट प्रकार आढळतो. तेथील लेण्यात सातवाहन राजा सिमुक, राणी नागनिका, राजा सातकर्णी इत्यादिकांच्या मूर्ती भिंतीवर कोरलेल्या होत्या. विल्यम साइक्स यांनी १८२८ साली हे लेणे अभ्यासकांच्या नजरेस आणिले. मूर्ती नष्ट झाल्या आहेत. काही पावलांच्या खुणा आणि वर ब्राह्मी लिपीत कोरलेली नावे तेवढी उरली आहेत. मुखे गेली, नावे राहिली.

सध्या संगणकास चार शब्द सांगितले, की तो नागनिकेचे जिवंत वाटेल असे मुख क्षणार्धात रचून देतो. कोणी म्हणेल, त्यायोगे मुलांस इतिहासाची गोडी लागत असेल, तर बिघडले कोठे? आमचे मत असे, की चित्र अवश्य काढावे. मात्र त्याखाली ‘काल्पनिक’ हा शब्द ठळकपणे लिहावा. नाहीतर जे कोणासच ठाऊक नाही, ते सर्वांस ठाऊक असल्याचा समज पसरेल, आणि तो फेडावयास पुन्हा एखादा बेंद्रे जन्मावा लागेल.

हाच नियम आपल्या नित्य व्यवहारासही लागू आहे. दुसऱ्याचा उत्तम निबंध वाचून त्याच्या धर्तीवर लिहू पाहणे, हा विद्याभ्यास होय. तोच निबंध उतरवून खाली आपले नाव घालणे, ही खोटी साक्ष होय. खोटी साक्ष देऊ नये, ही आज्ञा आपण शाळेत लहानपणापासून शिकतो. तिचा संबंध केवळ न्यायालयाशी आहे, असे मात्र कोणी समजू नये. पालकांसही आमची एवढीच विनंती आहे, की घरी मुलाने एखादे चित्र कौतुकाने दाखविले, तर ‘किती सुंदर!’ एवढ्यावर न थांबता ‘हे कोणी काढिले, आणि कशावरून?’ असेही त्यास अवश्य विचारावे.