तक्ता द्या, ड्रायव्हर आम्ही लिहू

कागदपत्रं उघड केली तर प्रतिस्पर्धी आमची चिप उचलतील, हे हार्डवेअर कंपन्यांचं ठरलेलं उत्तर. पण मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमवाले मागतात तरी काय? चिपच्या आतलं आरेखन नव्हे. त्यांना हवा असतो रजिस्टरांचा तक्ता: कोणत्या पत्त्यावर कोणता आकडा लिहिला की वाय-फायचा रेडिओ सुरू होतो, मग किती मिलिसेकंद थांबायचं, इंटरप्ट आला की कोणता बिट तपासायचा. एवढ्यावरून कुणी चिप बनवत नाही. शिवाय कंपनीचा बंद ड्रायव्हर, म्हणजे चिप चालवणारा पण आतून न दाखवलेला प्रोग्राम, उलगडायला प्रतिस्पर्ध्याकडे माणसं आहेत, पैसा आहे. अडतो तो रात्री जागून फुकट काम करणारा.

आणि तोही कायमचा अडत नाही. ब्रॉडकॉमच्या वाय-फाय चिपांची माहिती मिळेना, तेव्हा लिनक्सच्या स्वयंसेवकांनी दोन गट केले. एका गटाने बंद ड्रायव्हर उलगडून चिप कशी वागते ते टिपून काढलं. दुसऱ्याने तो ड्रायव्हर न पाहता, निव्वळ त्या टिपणांवरून नवा लिहिला. नक्कल केल्याचा आरोप नको म्हणून. २००६ मध्ये तो लिनक्समध्ये आला. गुपित राहिलं नाही, कष्ट मात्र वाया गेले. पुढे २०१० मध्ये ब्रॉडकॉमने आपल्या नव्या चिपांसाठी स्वतःच मुक्त ड्रायव्हर दिला. एएमडीने तर २००७ मध्येच आपल्या रेडिऑन ग्राफिक्स चिपांची कागदपत्रं प्रसिद्ध करायला सुरुवात केली होती, आणि त्यामुळे कंपनी काही बुडाली नाही.

गोपनीयतेच्या करारावर सही करा, मग देतो, हा मधला मार्ग ओपनबीएसडी या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमचे थिओ द राट यांनी नाकारला. मला ते पटतं. सही करणारा उद्या दुसरीकडे गेला, की त्याच्या मागून येणाऱ्याच्या हाती उरतात ड्रायव्हरमधले अर्थ न लागणारे आकडे. चूक सापडली तरी दुरुस्त कशी करणार?

‘आम्ही तयार ड्रायव्हर देतो की!’ देतात, पण कुठवर? माझ्या टेबलावर एक स्कॅनर आहे. काच स्वच्छ, दिवा लागतो, मोटार सुरू होताना अजून तसाच घुर्र आवाज करते. पण नव्या सिस्टिमसाठी ड्रायव्हर द्यायचं कंपनीने बंद केलं, आणि धडधाकट यंत्र एका दिवसात भंगार ठरलं. ते मॉडेल आता कुणी बनवत नाही, विकत नाही. निदान त्याच्या तक्त्याची पानं तरी आमच्या हाती द्या.