पिल्लू म्हणजे आकाशकंदील नव्हे

मंडळी, या वेळी जरा भांडणाचा विषय आहे, आणि भांडण घरातलंच आहे.

परवा चिरंजीवांचा फोन. "बाबा, यंदा पाडव्याला तुमच्या नातवाला लॅब्रॅडॉरचं पिल्लू आणतोय. त्याला बोलू नका, सरप्राईज आहे." मी "बरं" म्हणून फोन ठेवला, पण रात्री झोप लागेना. म्हणून लिहितो. (चिरंजीव माझा ब्लॉग वाचतात, नातू अजून वाचत नाही.)

माझा याला साफ विरोध आहे.

आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला २०१७ च्या नियमांनी बंदी आहे. म्हणजे येईल ते जेमतेम दोन महिन्यांचं, आईपासून नुकतंच तुटलेलं, सगळ्या लशीही न झालेलं. कशाला भ्यायचं हे कुत्रा याच वयात शिकतो, आणि आपण त्याला आणणार सुतळी बॉम्बच्या दणदणाटात! घरात पाहुणे, दार सताड उघडं, हातात फराळाच्या बशा. लाडवावरचा बेदाणा कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक असतो, हे किती पाहुण्यांना ठाऊक असतं?

"मुलांना जबाबदारी कळते" म्हणे. अडतीस वर्षं शाळेत काढली, तेव्हा यावर बोलायचा मला थोडा अधिकार आहे. जबाबदारी रंगीत कागदात गुंडाळून देता येत नाही हो! साधं गणित करा. लॅब्रॅडॉर दहा-बारा वर्षं जगतो. नातू आज सहावीत. तो दहावीला जाईल तेव्हा कुत्रा चार वर्षांचा, भर ताकदीचा. नातू कॉलेजसाठी बाहेरगावी गेला की कुत्रा म्हातारपणाकडे झुकलेला. तेव्हा त्याला डॉक्टरकडे कोण नेणार? सूनबाई. आणि उद्यापासून घरातली शी-शू कोण पुसणार? सूनबाईच. तिला कोणी विचारलं का?

हे मी ऐकीव सांगत नाही. १९९४ च्या दिवाळीत मीच भाच्याला एक पिल्लू भेट दिलं होतं. मोत्या. बहिणीला न विचारता. चार दिवस कौतुक झालं, मग परीक्षा, मग बाल्कनीत साखळी, मग कुणाच्या तरी शेतावर रवानगी. पुढे "पळाला" असं कळलं. मी त्यावर एक प्रश्नही विचारला नाही. भाचा हे वाचेलच. बाबा रे, तुझ्यावर राग नाही, तू नऊ वर्षांचा होतास. मी शहाणासुरता मास्तर होतो.

असो.

चिरंजीव, आणायचंच असेल तर तुळशीची लग्नं होऊ देत, फटाके थांबू देत. सूनबाईंचा होकार आधी घ्या. मग तिघं मिळून जा, आणि विकतचंच हवं असंही नाही, रस्त्यावरची गावठी पिल्लं घर शोधतच असतात. सरप्राईज वगैरे सोडा, नातवाला आजच सांगून टाका. महिनाभर रोज सकाळी सहाला उठून फिरून ये म्हणावं. उठला, तर पट्टा मी आणतो.