निमंत्रण सरकारचे की मतदाराचे?

परक्या देशात फौज कधी पाठवावी, याचे कायद्यातले उत्तर सरळ आहे. स्वसंरक्षणासाठी, सुरक्षा परिषदेच्या संमतीने किंवा तिथल्या सरकारने बोलावले तर. भारताचा अनुभव मात्र या चौकटीत मावत नाही. बांगलादेशच्या मुक्तियुद्धात भारताने पूर्व पाकिस्तानात फौज घातली, तेव्हा ७ डिसेंबर १९७१ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १०४ देशांनी युद्धबंदी आणि सैन्यमाघारीच्या बाजूने मत दिले. विरोधात होते अवघे ११. याउलट १९८७ मध्ये भारतीय शांतिसेना श्रीलंकेत उतरली ती राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी सही केलेल्या कराराच्या आधारे. कागदोपत्री दुसरी मोहीम चोख होती. तरीही पहिली न्याय्य होती आणि दुसरी चूक, असे मी मानतो.

डिसेंबर १९७० च्या निवडणुकीत पूर्व पाकिस्तानातल्या १६२ सर्वसाधारण जागांपैकी १६० अवामी लीगने जिंकल्या. म्हणजे २५ मार्च १९७१ च्या रात्री ढाक्यात पाकिस्तानी लष्कराने गोळ्या झाडल्या त्या देशाच्या निवडून आलेल्या बहुमतावर. पुढे जवळपास एक कोटी निर्वासित भारतात आले, इंदिरा गांधी पाश्चात्त्य राजधान्या फिरून आल्या, पण इस्लामाबादवर परिणामकारक दबाव कोणी आणला नाही. विजयानंतर राज्य करायला लोकांनी निवडलेले नेतृत्व तयार होते, म्हणून मार्च १९७२ मध्ये भारतीय सैन्य ढाक्यातून परत येऊ शकले. श्रीलंकेत करार झाला दिल्ली आणि कोलंबोमध्ये; ज्यांनी शस्त्रे खाली ठेवायची त्या एलटीटीई या तमिळ बंडखोर संघटनेची त्यावर सही नव्हती, आणि तमिळ जनतेचा कौल कोणी घेतलाच नव्हता. ऑक्टोबरमध्ये जाफन्यात तिच्याशीच लढाई जुंपली. १९९० च्या मार्चमध्ये शेवटची तुकडी परतली तोवर सुमारे १,२०० जवान गेले होते.

१९७१ मध्ये भारताचा स्वार्थ होता, हा आक्षेप खरा आहे. ३ डिसेंबरच्या पाकिस्तानी हवाई हल्ल्याआधी कित्येक महिने मुक्तिवाहिनीच्या बंगाली लढवय्यांना आपणच शिकवत होतो, हेही लपवण्याचे कारण नाही. पण निर्मळ हेतूची अट घातली तर कोणीच कोणाच्या मदतीला जाणार नाही. निर्वासितांना आपल्या घरी परतता आले, हे मला अधिक मोलाचे वाटते. खरा अवघड आक्षेप म्यानमारचा आहे. तिथे नोव्हेंबर २०२० मध्ये आँग सान सू की यांचा पक्ष जिंकला, फेब्रुवारी २०२१ मध्ये लष्कराने सत्ता बळकावली आणि हजारो माणसे मिझोरममध्ये आली. मग भारताने फौज पाठवावी काय? माझे उत्तर नाही असेच आहे. जनादेशाशिवाय जाऊ नये, पण नुसत्या जनादेशावरही जाऊ नये. कारभार हाती घेऊन आपल्याला निरोप देऊ शकेल असे एकसंध नेतृत्व तिथे लागते. म्यानमारमध्ये वेगवेगळ्या उद्दिष्टांसाठी लढणारे अनेक सशस्त्र गट आहेत. तिथे शिरलेल्या फौजेला ढाका नव्हे, जाफना भेटेल. सीमा ओलांडून आलेल्यांना आसरा देणे मात्र आपल्या हातात आहे, आणि केंद्राने रोखायला सांगूनही मिझोरमने तो दिला. दिल्लीने त्या राज्याच्या पाठीशी उभे राहायला हवे होते.