आजींना बाजारात पुढे चालू द्या

परदेशातल्या सहलीत घरातल्या ज्येष्ठांच्या वाट्याला बहुतेक वेळा बाकडं येतं. मुलं पाण्यात, आईबाबा फोटो काढण्यात आणि आजी-आजोबा पिशव्या सांभाळत बसलेले. जेवणाची वेळ झाली की प्रश्न ठरलेला, "आईंना चालेल असं काही मिळेल का?" मग अर्धा तास शोधाशोध आणि शेवटी हॉटेलातला इंडियन बुफे. समुद्र ओलांडून जायचं आणि खायचं तेच पनीर बटर मसाला! आपल्यामुळे सगळ्यांचा खोळंबा झाला, ही आजींच्या मनातली खंत वेगळीच.

यावर एक सोपा उपाय आहे. सहलीतली एक सकाळ स्थानिक बाजारासाठी राखून ठेवा आणि त्या सकाळी आजींना पुढे चालू द्या. भाजी, डाळ, मसाला या गोष्टी घरात सर्वात जास्त कोणाला कळतात? जिथे फलक वाचता येत नाहीत, तिथे हात लावून, वास घेऊन ओळखणारा माणूसच खरा गाइड. हा प्रयोग करायला मॉरिशससारखी जागा नाही.

पडवळ तेच, नाव नवं

राजधानी पोर्ट लुईमध्ये सेंट्रल मार्केट आहे. तिथली माणसं त्याला सरळ 'बाजार'च म्हणतात. खाली भाजी आणि फळं, वरच्या मजल्यावर कपडे आणि भेटवस्तू. मांस-मासळीचा विभाग वेगळ्या इमारतीत असल्यामुळे कडक शाकाहारी मंडळीही इथे निवांत फिरू शकतात.

आता खेळ सुरू करा. मुलांनी भाजीकडे बोट दाखवायचं, आजींनी मराठी नाव सांगायचं आणि विक्रेत्याला तिथलं नाव विचारायचं. पडवळाला तिथे 'पातोल' म्हणतात, भेंडीला 'लालो', कोथिंबिरीला 'कोतोमिली', कढीपत्त्याला 'कारिपुले'. शेवग्याचा पाला 'ब्रेद मुरुम' नावाने विकायला असतो. 'ब्रेद' म्हणजे पालेभाजी. चेन्नई किंवा बेंगळुरूत वाढलेली नातवंडं असतील, तर यातल्या तीन नावांमागची तमिळ ती झटकन ओळखतील. भाषा क्रिओल, मूळ शब्द तमिळ आणि भाजी आजींच्या माहेरच्या परसातली. शाळेच्या पुस्तकातला इतिहास असा हातात क्वचितच येतो.

पुरणपोळी नव्हे, डाळपुरी

बाजारात आणि आसपासच्या गाड्यांवर मिळणारी 'डाळपुरी' हा मॉरिशसचा सर्वात लाडका खाऊ. पिवळी डाळ शिजवून, वाटून, त्यात हळद-जिरं घालून ती पिठाच्या गोळ्यात भरतात आणि मऊ, पातळ पोळी लाटतात. दोन पोळ्या एकावर एक ठेवून त्यात मोठ्या वालांची रस्साभाजी, टोमॅटोची 'रुगाय' आणि मिरचीची चटणी घालून कागदात गुंडाळून देतात. उभ्या उभ्या खायची.

मराठी माणसाला पहिल्याच घासाला पुरणपोळी आठवते. पण ही गोड नाही आणि तिचं मूळ आहे बिहारकडची दालपुरी. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अॅटलस' जहाजातून गिरमिटिया मजूर इथे उतरले आणि पुढे अनेक दशकं उसाच्या मळ्यांसाठी माणसं येत राहिली. बहुतेक बिहार आणि आसपासच्या भागांतली, बरीच दक्षिणेकडची, तर काही मुंबई बंदरातून आलेली कोकण आणि महाराष्ट्रातली. ती जिथे उतरली तो 'आप्रवासी घाट' बाजारापासून चालत काही मिनिटांवर आहे. २००६ पासून तो जागतिक वारसास्थळ आहे. डाळपुरी खाऊन मग तिथे जा. करारावर आलेल्या त्या माणसांनी सोबत काय आणलं असेल, हे मुलांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही. त्याची चव अजून जिभेवर असते.

मॉरिशसमध्ये आजही मराठी समाज आहे, शाळांमध्ये मराठी शिकवली जाते आणि गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. म्हणून एक विनंती. तिथे कोणी मराठी भेटलं, तर "तुमची मराठी वेगळीच वाटते" किंवा "हे असं करत नाहीत" असं म्हणू नका. इंदूरच्या मराठी घरात पोह्यांवर शेव आणि जिरावण पडतं, म्हणून ते पोहे चुकीचे ठरतात का? माणसं जिथे राहतात, तिथलं मीठ जेवणात आणि बोलण्यात मिसळतंच. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हे कोणी शिकवायला नको.

मुलांच्या हाती पाकीट

प्रत्येक मुलाला ठरावीक पैसे द्या आणि हिशेब त्यालाच ठेवू द्या. मॉरिशसच्या नोटांवर तमिळ आणि देवनागरी अक्षरंही असतात, ती शोधायला सांगा. खर्च करायला पर्याय भरपूर:

• गातो पिमां: डाळीचे छोटे, मिरची घातलेले तळलेले वडे. तिथे ते पावात घालूनही खातात. वडापाववाल्यांना हे नवीन नाही!
• आलुदा: दूध, सब्जा आणि अगर-अगरचे तुकडे घातलेलं थंड पेय, आपल्या फालुद्याचं भावंड.
• अननस: छोटा, गोड व्हिक्टोरिया अननस. चिंच-मिरची लावलेला खाऊन बघाच.

पोटाची काळजी मात्र घ्या. समोर तळलेलं गरम खा, फळ समोरच सोलून घ्या आणि लहान मुलांना बर्फ घातलेलं पेय देणं टाळा.

चार शब्द पाठ करा

'कोमिये सा?' म्हणजे हे कितीला. 'सां लाव्यान' म्हणजे मांसाशिवाय, 'सां दिझेफ' म्हणजे अंड्याशिवाय आणि 'मेर्सी' म्हणजे आभार. शाकाहारींनी पहिले तीन आजी-आजोबांकडून पाठ करून घ्यावेत. स्वतःचं जेवण स्वतः मागता आलं की परदेशात परावलंबी वाटत नाही. तळलेल्या नूडल्स घेण्याआधी अंडं आणि सॉसची चौकशी जरूर करा.

जाण्याआधी

सकाळी लवकर जा. रविवारी बाजार दुपारीच आटोपतो. कापडी पिशवी न्या, कारण प्लास्टिकच्या पिशव्यांवर तिथे २०१६ पासून बंदी आहे. आजींना दोन तासांपेक्षा जास्त चालवू नका आणि मध्ये एकदा बसून काही प्यायची वेळ ठेवा. परत येताना ताजी भाजी, रोपं किंवा बिया आणू नका, विमानतळावर अडचण होते. त्याऐवजी व्हॅनिलाचा चहा आणि तिथली तपकिरी साखर आणा.

आणि हॉटेलवर परतल्यावर, रात्री काय जेवायचं हे आजींना ठरवू द्या. त्यांनी पुन्हा डाळपुरीच मागितली, तर आश्चर्य वाटून घेऊ नका.